बी साइडवाले काका

बदली होऊन रायपूरला आलो त्या पहिल्याच रविवारी सकाळी समोरच्या घरातून, पत्र्याचं पिंप दगडांसकट जिन्यावरून सोडावं तसा आवाज आला. मी धावलो. दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी. अंगात बनियन, एका हातात पोहे-जलेबीची बशी, दुसऱ्या हातात मखमली ब्रश. घरात काहीही पडलेलं नव्हतं.

"या न, बसा," ते म्हणाले. "आयर्न मेडन आहे. पण हे तुम्ही ऐकलेलं नसणार."

पुढच्या तीन वर्षांत हे वाक्य मी रोजच्या वर्तमानपत्रासारखं ऐकलं. त्यात तुच्छता नसते, आशा असते. आपण चुकून "ऐकलंय" म्हणालो तर काकांचा चेहरा असा पडतो, की घरी जाऊन ते गाणं विसरून यावंसं वाटतं. सुदैवाने माझ्यावर ती वेळ कधी आली नाही. माझं संगीताचं ज्ञान गणपतीच्या आरत्यांपाशी सुरू होऊन तिथेच संपतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी गाण्याची सात इंची तबकडी निघायची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी. एका बाजूला खपणारं गाणं, ती ए साइड. दुसरी बाजू कोरी ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तिथे उरलंसुरलं काहीतरी भरायचं, ती बी साइड. वाण्याने सुट्ट्या पैशांऐवजी हातावर टेकवलेली गोळी. काका आयुष्यभर त्या गोळ्या, त्याही हेवी मेटलच्या, गोळा करत आले आहेत आणि रुपयाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलेलं नाही.

गंमत म्हणजे गोळीलाही रुपयाचाच भाव मिळे. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ साली निघालं. त्याच्या पाठीवर ड्रमवाल्या रॉजर टेलरने आपल्या मोटारप्रेमाचं गाणं चिकटवलं. तबकडी जितकी खपली तितकी दोन्ही बाजूंनी खपली, त्यामुळे मानधनाचा हिशेबही सारखाच. "पंगतीत यजमानाइतकीच दक्षिणा मीठ वाढणाऱ्याला!" काका मांडीवर थाप मारून सांगतात. मग ओशाळून जोडतात, "क्वीन तशी काही मेटल नाही. पण चालून जाते."

काकांच्या घरातली सगळ्यात थंड खोली तबकड्यांची. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की तबकडीचा पापड व्हायला वेळ लागत नाही, म्हणून एसी तिथे. माणसांना कूलर. तबकड्यांना कूलर का नको? तर ओल्या हवेने पाकिटांना बुरशी येते. काकूंनी या व्यवस्थेबद्दल तक्रार केली नाही. त्या दुपारी तबकड्यांच्या खोलीतच निजतात. फक्त कुशीवर वळताना जपायचं, कारण उशाशी ब्लॅक सॅबथ असतं.

माल आला कुठून? तरुणपणी काका वीज मंडळात होते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरांतून देशभरची बिऱ्हाडं. त्यांची पोरं शिकायला मोठ्या शहरांत जायची आणि येताना कॅसेटी आणायची. पण कॅसेटीवर बी साइडची गाणी सहसा नसत, म्हणून हावडा मेलने मुंबई, आणि मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट. मुलीच्या शाळेचे बूट आणायला गेलेले काका एकदा डीप पर्पलचं 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' घेऊन परतले होते. हे गाणं १९७२ च्या 'मशीन हेड'मध्ये जायचं, पण गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरला ते पसंत नव्हतं, म्हणून 'नेव्हर बिफोर'च्या पाठीवर गेलं. संथ, रडवेलं गाणं आहे. काकांच्या आई, ज्यांना सगळा मोहल्ला आजी म्हणतो, त्यांनी तेवढ्यापुरती जपमाळ थांबवून विचारलं होतं, "यात कोण वारलं रे?"

पुढे २००० साली दोन घटना घडल्या. छत्तीसगड राज्य झालं आणि तबकड्यांच्या नोंदी ठेवणारं डिस्कॉग्ज निघालं. पैकी पहिलीने रायपूर राजधानी झालं. काकांच्या मते महत्त्वाची दुसरी. आता तबकडी परदेशातून पोस्टाने येते. आली की काका चष्मा कपाळावर चढवून, विजेरी तिरपी धरून, मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर वाचतात. त्या वेळी जन्मवेळ जुळवणाऱ्या गुरुजींशी बोलू नये तसं त्यांच्याशी बोलू नये.

या व्यवहाराची भाषाही शिकावी लागते. तबकडी 'व्हेरी गुड' असेल तर तिला ओरखडे आहेत. नुसती 'गुड' असेल तर तिच्यात गाण्यापेक्षा खरखर जास्त. 'फेअर' असेल तर गणपतीच्या आराशीला वापरा. "म्हणजे वधू-वर सूचक मंडळासारखं," मी म्हणालो. "रंग गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ." काकू आतून मोठ्याने हसल्या. काका हसले नाहीत. त्यांची पत्रिका तशीच आली असावी.

हळूहळू हा बी साइडचा स्वभाव सगळीकडे पसरतो. काका लग्नात ज्या भाजीपुढे गर्दी नाही तिथे उभे राहतात. गुपचुपवाल्याकडे, म्हणजे पाणीपुरीवाल्याकडे, पाणी नाकारून नुसती चटणी मागतात. पेपर आतल्या पानापासून वाचतात, त्यामुळे सरकार पडल्याची बातमी त्यांना बाजारभावांनंतर कळते. लेड झेपलिनने हयातीत एकच स्टुडिओतलं गाणं अल्बमात न घालता 'इमिग्रंट साँग'च्या पाठीवर सोडलं होतं, १९७० साली. काका त्याच्याविषयी अशा स्वरात बोलतात जसं काही त्याला एकट्यालाच सहलीला नेलं नव्हतं.

सगळ्यात मोठा घाव २०२२ चा. त्याच्या चाळीस वर्षं आधी आयर्न मेडनपुढे प्रश्न होता, 'रन टू द हिल्स'च्या पाठीवर काय टाकायचं. 'टोटल इक्लिप्स' टाकलं आणि 'गँगलँड' अल्बमात घेतलं. निवड चुकली हे बेसवाल्या स्टीव्ह हॅरिसनेही पुढे मान्य केलं. काका ही कबुली कोर्टाच्या निकालासारखी सांगत. मग 'द नंबर ऑफ द बीस्ट'ची चाळिशीची आवृत्ती निघाली, तीत 'गँगलँड' काढून जागा 'टोटल इक्लिप्स'ला दिली. न्याय झाला! मी पेढे घेऊन गेलो. काका खुर्चीत बसून होते.

"आता ते कोणीही ऐकेल," ते म्हणाले.

आठवड्याने त्यांच्याकडून धडधड ऐकू आली. "गँगलँड," दार उघडत काका म्हणाले. "बिचाऱ्याला बाहेर काढलं न."

मी पुण्याचा. माझे नातेवाईक फोनवर अजून विचारतात, "तिकडे मराठी माणसं असतात?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा काका मला स्कूटरवर घालून तात्यापाऱ्यात घेऊन गेले. "नावातच तात्या आहे. आणखी काय पाहिजे?" मग बुढापाऱ्यात, सप्रे शाळेपाशी. माधवराव सप्रे घरचे मराठी. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, लोकमान्यांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. हिंदीवाले त्यांची गोष्ट पहिल्या हिंदी कथांमध्ये मोजतात. "पुण्यात कोणी नाव घेते का?" काकांनी विचारलं. मी गप्प. "बी साइड," ते समाधानाने म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. भोसल्यांच्या काळात नागपुराकडून आलेल्या घराण्याचा हा माणूस. पुण्या-मुंबईने आपल्याला अल्बमात घेतलं नाही, याचं त्याला दुःख आहे की अभिमान, हे मला आजवर समजलेलं नाही.

गेल्या गणपतीत कॉलनीच्या ऑर्केस्ट्राची गाडी टाटीबंधच्या गर्दीत अडकली. मांडव भरलेला. मंडळाचे चिटणीस काकांकडे पळत आले. "काहीही लावा, पण ढणढणाट नको."

काका शब्दाचे पक्के. त्यांनी मोठी बारा इंची तबकडी आणली, १९८४ ची, 'टू मिनिट्स टू मिडनाइट'. तिच्या पाठीवर 'मिशन फ्रॉम ॲरी' आहे. त्यात वाद्य वाजत नाही. दौऱ्यात एका रात्री हॅरिसचं बेस बिघडलं, म्हणून ड्रम-सोलो लांबवायचा निरोप त्याने माणसाकरवी निको मॅक्ब्रेनकडे पाठवला. ऐन वाजवताना मध्ये कोणी बोललं म्हणून निको त्या माणसावर भडकला, आणि नंतर पडद्यामागे हॅरिस आणि निकोची जुंपली. गायक ब्रूस डिकिन्सनने ते भांडण गुपचूप टेप केलं. सहा मिनिटांहून जास्त. शिव्यांसकट.

प्रेक्षकांना वाटलं, इंग्रजी एकांकिका. मागच्या रांगेतल्या पोरांना दोन मिनिटांत कळलं की ही एकांकिका वारंवार व्हायला हवी. चिटणीस आणि खजिनदार यांचं ढोल-पथकाच्या बिलावरून आठ दिवस बोलणं बंद होतं. ते दोघे एकमेकांकडे न बघता, पण फार लक्ष देऊन ऐकत होते. पुढच्या खुर्चीत आजी. त्यांना इंग्रजी येत नाही.

"वाजवणाऱ्याचं बरोबर आहे," आजी मध्येच मोठ्याने म्हणाल्या. "कार्यक्रम चालू असताना माणूस पाठवतात का निरोपाला?"

खजिनदारांनी मान डोलावली. चिटणिसांनी घसा खाकरला.

काका चकित होऊन आईपाशी वाकले. "तुला कसं समजलं? हे तर तू ऐकलेलं..."

"चाळीस वर्षं ऐकून राहिले," आजी म्हणाल्या. "तुझ्या खोलीची भिंत चार इंची आहे. आता उलटी कर ती तबकडी. पलीकडे काय आहे ते कधी लावलंच नाहीस."

काकांचा चेहरा या वेळी पडला नाही. त्यांनी तबकडी उचलली, उलटी केली, मखमली ब्रश एकदा फिरवला आणि सुई खाली आणली. तेवढ्यात मांडवाबाहेर ऑर्केस्ट्राची गाडी येऊन लागली, आणि चिटणिसांनी धावत जाऊन प्लग काढला.