जसे आले तसे

सावधानकाका पहाटे साडेपाचला उठतात, कारण जगावरची संकटं रात्रीतून आलेली असतात आणि ती सातच्या आत वाटून टाकायची असतात. चष्मा कपाळावर, मोबाईल हातभर लांब, उजवी तर्जनी नेम धरून तयार. चहा गार होतो, पण 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल उशाशी ठेवू नका, मंगळावरून घातक किरणं येणार आहेत' हा इशारा सी विंगपर्यंत वेळेत पोहोचतो. खाली 'जसे आले तसे'. झालं, काका मोकळे.

प्रत्येक सोसायटीत असा एक काका असतोच. बहुधा निवृत्त, तेही आवक-जावकच्या टेबलावरून. आलेला कागद पुढे गेला पाहिजे, त्यात काय लिहिलंय ते साहेब बघतील, अशी तीस वर्षांची शिस्त. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. खरं-खोटं करणं हे त्यांचं खातं नाही. माणूस म्हणाल तर सोन्यासारखा. तुम्हाला ताप आला की काढा घेऊन पहिले दारात तेच, आणि त्या तापामागे कोणत्या देशाचा हात आहे तेही तेच सांगणार.

व्हॉट्सॅपने त्यांना बिघडवलं म्हणणं अन्यायाचं आहे. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध प्यायला, तेव्हा काकांनी लँडलाईनवरच अर्धं गाव जागं केलं होतं. 2016 च्या नोटाबंदीत दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. त्याच आठवड्यात मीठ संपल्याची आवई उठली; त्यातला शेवटचा पुडा काकूंनी अजून माळ्यावर ठेवलाय, पाहुण्यांना दाखवायला. करोना आला तो कोंबड्यांतून, हेही काकांनी कळवलं. राज्यात चिकनचे भाव कोसळले, पोल्ट्रीवाले रडकुंडीला आले. काका स्वतः शाकाहारी.

एकदाच हसू येत नाही. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज गावोगाव फिरला, तो काकांच्याही तर्जनीखालून गेला होता. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं ती. काकांना खरंच वाईट वाटलं, श्रद्धांजलीचा मेसेज त्यांनी सगळ्या ग्रुपांवर टाकला. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली, तेव्हा काका भडकले. "पाच? अहो, माझे भाचेच सात आहेत!"

त्यांची नात पत्रकारिता शिकते. तिने परवा त्यांना लॅपटॉपपुढे बसवून 'बॅड न्यूज' नावाचा खेळ लावून दिला. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी एका डच संस्थेबरोबर 2018 मध्ये काढलेला. यात आपणच अफवा पसरवणारे व्हायचं. लोकांना भडकवायचं, तोतयेगिरी करायची, एखादं कारस्थान रचायचं, आणि अनुयायी वाढवत सहा बिल्ले कमवायचे.

"म्हणजे मुद्दाम खोटं सांगायचं?" काका ताडकन उठले. "अगं, आपल्या घरचे संस्कार काय!"

"खेळ आहे हो आबा."

काका बसले, पण दर वेळी सज्जनपणाचा पर्याय निवडू लागले आणि खेळ त्यांना दर वेळी टोकू लागला. फक्त विश्वासार्हतेची पट्टी त्यांना चमत्कारिक वाटली. थापा फार अचाट झाल्या की ती घसरते, आणि शून्यावर आली की डाव संपतो. काकांना हे पटेना. मंगळाची किरणं आजवर आली नाहीत, म्हणून सोसायटीत त्यांना कुणी काही विचारलंय? उलट चार जणांनी हात जोडले, दोघांनी 'धन्यवाद काका' लिहिलं. आमच्याकडे ही पट्टी बसवलेलीच नाही, हे केंब्रिजवाल्यांना कोण सांगणार!

नातीने मग खेळाचा हेतू समजावला. खोटेपणाच्या युक्त्या थोड्या स्वतः करून बघितल्या की पुढे माणूस सहसा फसत नाही. "लशीसारखं, आबा. थोडासा डोस आधीच द्यायचा."

लस हा शब्द ऐकताच काकांनी खुर्ची मागे सरकवली. लॅपटॉपकडे रोखून पाहिलं. चष्मा कपाळावर गेला.

सव्वासातला ग्रुपवर मेसेज आला: 'सावधान!! केंब्रिजमधून सोडलेला एक खेळ मुलांच्या मेंदूत लस टोचतो. टीव्हीवर हे दाखवणार नाहीत. जसे आले तसे.' खाली अकरा जोडलेले हात. रात्री तोच मला नागपूरच्या आत्याने पाठवला. तोवर केंब्रिजचं हार्वर्ड झालं होतं, आणि तिच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनी त्याला दुजोराही दिला होता.