जायला विमान, यायला रेल्वे

मुंबईचं काम दोन तासांचं असतं. बँकेत सह्या, व्यापाऱ्याशी दराचं बोलणं, मंत्रालयात अडकलेल्या फायलीची चौकशी. जळगावच्या धंदेवाल्या माणसाला विमान हवं असतं ते एवढ्यासाठी. सकाळी जावं, काम उरकावं, रात्री घरी येऊन भाकरी खावी. ढग बघायची हौस पहिल्या खेपेलाच फिटलेली असते. महिन्यातून तीनदा जाणाऱ्याला विमानाकडून एकच गोष्ट लागते : त्याच दिवशी परत येता आलं पाहिजे.

आणि हीच एक गोष्ट खानदेशला आजवर भरवशाने मिळालेली नाही.

विमान आहे. नाही असं कोणी म्हणू नये. पण ते ठरावीक वारी येतं, आणि ग्राहक, बँक, कोर्टाची तारीख, सरकारी बैठक यांतलं कोणीही ते वार बघून चालत नाही. काम मंगळवारी निघतं, विमान सोमवारचं असतं. जायचं जुळलं तर यायचं जुळत नाही. परतीच्या विमानासाठी दोन रात्री मुंबईत काढायच्या तर हॉटेलचं बिल तिकिटाच्या वर जातं. म्हणून माझ्यासारख्यांनी रीतच पाडून घेतली आहे : जायला विमान, यायला रेल्वे. पुष्कळदा तर दोन्हीकडून रेल्वेच. रात्री जेवून जळगाव स्टेशनवर जायचं, अमरावती एक्स्प्रेस किंवा विदर्भ पकडायची, सकाळी दादरला उतरायचं. चारशेवीस किलोमीटर झोपेत कापले जातात. गाडी रोज असते, हाच तिचा मोठा गुण. वेटिंगवर लटकण्याचा त्रास आहे, पण आज गाडी येणार की नाही हा प्रश्न कोणी विचारत नाही. विमानाचं मात्र अजूनही गावभर विचारतात, ‘उनं का भो विमान?’

विमानतळाबद्दल माझी तक्रार नाही. अजिंठा रस्त्याला, कुसुंब्याजवळ, गावापासून जेमतेम सहा-सात किलोमीटर. एमआयडीसीतल्या कारखानदाराला तर दहा-पंधरा मिनिटांत गाठता येतं. मुंबईला उतरून मशीद बंदरला पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जळगावहून निघालेला माणूस पारोळ्याला पोचून चहा पीत असतो. म्हणजे आपल्या टोकाला सगळं सोपं आहे. अडतं ते वेळापत्रकात.

हे आजचं नाही. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, 2012 मध्ये, त्यांच्याच हस्ते या विमानतळाचं उद्घाटन झालं. नाडगावात जन्मलेली लेक राष्ट्रपतिपदावर, आणि तिच्या जिल्ह्याला विमानतळ. लोकांना अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा होता. पण नियमित प्रवासी विमान यायला डिसेंबर 2017 उजाडलं. ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनचं एकोणीस आसनांचं छोटं विमान मुंबईहून सुरू झालं. काही महिन्यांत ते बंद. मग सप्टेंबर 2019 मध्ये ट्रूजेट आली, सत्तरेक आसनांचं एटीआर घेऊन. ती स्थिरावत होती तोवर कोरोना. 2022 च्या सुरुवातीला त्या कंपनीची उड्डाणंच थांबली. पुन्हा दोन वर्षं रिकामी धावपट्टी. 2024 मध्ये फ्लाय91 ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं, अलायन्स एअरने मुंबई. चांगलं झालं. पण बारा वर्षांत तीनदा मांडलेला आणि दोनदा मोडलेला हा संसार पाहिलेला व्यापारी आता पुढच्या महिन्याच्या विमानावर कोणाला वेळ देत नाही. ‘मी येतो’ असा शब्द द्यायचा तर तो रेल्वेच्याच हिशोबाने.

दोष एकट्या जळगावच्या नशिबाचा म्हणावा, तर तसंही नाही. ‘उडान’ची घडणच अशी आहे. कंपनीला तीन वर्षं सरकारकडून तूट भरून मिळते, त्या मार्गावर तिची मक्तेदारी असते, आणि बदल्यात काही आसनं ठरवून दिलेल्या कमाल भाड्यात विकायची असतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ती मर्यादा अडीच हजारांची होती. सामान्य माणसाला परवडावं हा हेतू उत्तम, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण मार्ग टिकला का? कॅगने 2023 मध्ये या योजनेची तपासणी मांडली. पहिल्या तीन फेऱ्यांत 774 मार्ग वाटले गेले. सुरू झाले 371. तीन वर्षांची मुदत पुरी केली 112 मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही, मार्च 2023 पर्यंत, चालू राहिलेले होते अवघे 54. हा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर अधिभार लावून उभा केला जातो. मुंबई-दिल्लीचं तिकीट काढणारा जळगावकर त्यात भर घालतोच. तेव्हा हिशोब मागायचा हक्क त्याचा आहे.

योजनेत मोजमाप चुकलं आहे ते इथे. किती मार्ग सुरू झाले ते मोजतात. त्या मार्गावरचा माणूस काम करून त्याच दिवशी घरी आला का, हे कोणी मोजत नाही.

आता एक माझ्यावर गुदरलेली गोष्ट सांगतो. माझा धंदा ठिबकच्या सुट्या भागांचा. गेल्या पावसाळ्यात दिल्लीत एका मोठ्या खरेदीदाराशी दुपारी तीनची भेट ठरली होती. जळगावहून दिल्लीचं जुळेना म्हणून छत्रपती संभाजीनगरहून सकाळचं विमान धरायचं ठरवलं. धुळ्याचे आमचे भागीदार, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांच्याकडे आदल्या रात्री मुक्काम केला. मध्यरात्रीनंतर गाडी काढली. चाळीसगाव ओलांडलं, कन्नडचा घाट लागला, धुकं आणि पाऊस. घाटात मोबाइलला रेंज नव्हती. वर कन्नडला आलो आणि दोघांचेही फोन एकदम वाजले. उड्डाण रद्द. निरोप निघाला होता आम्ही धुळं सोडलं त्या सुमाराला.

कॉल सेंटरवर चाळीस मिनिटं गेली. पलीकडची मुलगी नम्र होती, तिचा काय दोष. तिच्याकडे दोनच पर्याय होते : पैसे परत, नाहीतर उद्याचं याच वेळचं विमान. पण भेट आजची होती. आप्पा एरवी फार बोलत नाहीत. कन्नडच्या टपरीवर चहाचा पेला हातात धरून ते म्हणाले, ‘भाऊ, पैसे येतील परत. आजचा दिवस कोण परत देईल?’

ती ऑर्डर राजकोटच्या पार्टीला गेली. त्यांचा माल आमच्यापेक्षा सरस होता म्हणून नव्हे. त्यांचा माणूस तीन वाजता समोर बसला होता म्हणून.

घरी येऊन मी नियम वाचले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांच्या हक्कांचे नियम केले आहेत, आणि ते प्रत्येक फिरत्या माणसाने एकदा वाचावेत. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं तर भरपाई आहे. तासाभराच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500, त्याहून लांबच्याला 10,000. पण पुढची ओळ वाचा : ही रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे स्वस्त तिकिटाची भरपाईही स्वस्त. आणि हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली की तीही नाही. कारण कोणतं ते प्रवाशाला कंपनीच सांगते.

उशिराचं तर विचारूच नका. उशीर दोन तासांचा झाला की छोट्या उड्डाणाच्या प्रवाशाला खाणंपिणं द्यायचं. सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तरच दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. सहा तास! आठ दिवसांच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाला सहा तास सोसता येतील. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाचा सहा तासांत अख्खा प्रवासच संपलेला असतो. पाच तास उशिराने निघालेलं विमान या नियमाच्या लेखी ठीक आहे. माझ्या लेखी ते आलंच नाही. एक दिवसाच्या कामासाठी फिरणारा हा प्रवासी नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हता, हे त्या सहाच्या आकड्यावरून दिसतं. तासाभराच्या उड्डाणासाठी ही मर्यादा दोन तासांवर आणावी, आणि कंपन्यांना मान्य नसेल तर सरकारने आणायला लावावी. याहून साधी मागणी मला सुचत नाही.

धुळेकराचं दुखणं आणखी खोल आहे. गोंदूरला धावपट्टी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबची मुलं तिथे विमान चालवायला शिकतात. देवपूरच्या गच्चीवर उभं राहिलं की दिवसभर घरघर ऐकू येते. शिरपूरजवळ एका शिक्षणसंस्थेची दुसरी धावपट्टी आहे, तिथेही वैमानिक घडतात. म्हणजे हा जिल्हा देशाला वैमानिक देतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणसाला तिकीट काढून बसायला एक विमान नाही. ओझरला जा, शिर्डीला जा, संभाजीनगरला जा, नाहीतर थेट सुरत गाठा. ओझर त्यातल्या त्यात सोयीचं, तरी दोन तास धरायचेच. वर विमानतळावर दीड तास आधी. तोवर आग्रा रोडने निघालेली मोटार कसाऱ्याचा घाट उतरत आलेली असते. धुळ्याजवळच्या अवधानच्या कारखानदाराने विमानाचा नाद सोडला तो याच हिशोबाने.

गोंदूरहून उद्यापासून मुंबईचं विमान सुरू करा, असं मी म्हणणार नाही. जळगावचं धड भरवशाचं नसताना नव्वद किलोमीटरवर दुसरं अर्धवट विमानतळ उभारून दोघांचीही प्रवासीसंख्या फोडण्यात शहाणपण नाही. हे धुळ्यातल्या माझ्या मित्रांना आवडणार नाही, आप्पांनाही आवडलेलं नाही. पण माझं मत पक्कं आहे : खानदेशला एकच विमानतळ पुरेल, मात्र ते रोज चालायला हवं, आणि फागणे ते तरसोद हा वर्षानुवर्षं रखडत आलेला रस्ता धुळेकराला सव्वा तासात तिथे पोचवणारा हवा.

आता मुंबईच्या टोकाचं. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढ-उतार करतात. सकाळी आठची वेळ सत्तर आसनांच्या एटीआरला द्यायची की एकशेऐंशी आसनांच्या जेटला, असा प्रश्न आला की छोट्या गावाचा नंबर शेवटी लागतो. कोणालाच नको असलेली दुपारची वेळ आपल्या वाट्याला येते. दुपारी पोचलेला माणूस मंत्रालयात कोणाला भेटणार, आणि संध्याकाळी परत कसा येणार?

आजवर ‘मुंबईत सकाळची वेळच शिल्लक नाही’ हे उत्तर ऐकून आपण गप्प बसत होतो, कारण ते खरं होतं. आता ते पुरेसं नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे. आणि जळगावच्या व्यापाऱ्याचं काम कुठे असतं ते पाहा. जळगाव हे डाळ मिलांचं गाव. डाळीचा घाऊक बाजार वाशीला. रावेर-यावलची केळी परदेशी जातात ती जेएनपीएच्या बंदरातून, म्हणजे उरणजवळून. पाइप आणि चटई बाहेर पाठवणाऱ्यांचे कंटेनरही तिथलेच. नवी मुंबईचं विमानतळ उलव्याला, या दोन्हींच्या मध्ये. सांताक्रुझला उतरून खाडी ओलांडत बसण्यापेक्षा आपल्या माणसाला थेट कामाच्या दारात उतरवणारी ही जागा आहे. नव्या विमानतळावर वेळा अजून वाटल्या जात आहेत. आत्ता मागितली तर सकाळची वेळ मिळेल. दोन वर्षांनी मागितली तर तिथेही दुपारच उरलेली असेल.

म्हणून जळगावच्या आणि धुळ्याच्या व्यापारी संघटनांना, डाळ मिलवाल्यांना, केळी निर्यातदारांना हात जोडून सांगणं आहे. वेगवेगळी निवेदनं देऊ नका. एक कागद करा, त्यावर दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांच्या सह्या घ्या. मागणी एकच लिहा : आठवड्याचे सहा दिवस जळगावहून सकाळी साडेसातच्या आत नवी मुंबईकडे, आणि संध्याकाळी साडेसहाच्या पुढे परत. गोवा नको असं नाही, हैदराबाद नको असं नाही. पण आधी हे.

आणि पुढच्या वेळी नव्या मार्गाची फीत कापायला कोणी कुसुंब्याला आलं, की टाळ्या वाजवण्याआधी हात वर करून विचारा : परतीचं विमान त्याच संध्याकाळी आहे का?