शेजारच्या खाटेचा हिशेब

आमच्याकडे मोठी खरेदी निघाली की आधी वही निघते. या वेळी ती आईच्या मेडिक्लेमसाठी निघाली. आई ६८ वर्षांची. पूर्वी पासष्टी उलटली की नव्या पॉलिसीचं दार बहुधा बंदच असायचं. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने ती आडकाठी काढली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तरी हप्ता ऐकून मी पाणी मागितलं.

वहीत तीन रकाने. सगळ्यात स्वस्त रकान्यावर मी खूश होतो, तोवर हिने बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का." पाच लाखांचे रोजचे पाच हजार. मी म्हटलं, दहा हजारांची खोली घेतली तर वरचे पाच आपण घालू. "तेवढ्यावर भागत नाही," ही म्हणाली. खोली दुप्पट भाड्याची, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही निम्मंच मंजूर व्हायचं. औषधं आणि इम्प्लांट मात्र त्यातून वाचतात. एसटीत खिडकी धरली म्हणून ट्रंकेचंही भाडं वाढावं, तसला प्रकार.

दुसऱ्या रकान्यात को-पे, म्हणजे दर बिलातला पाचवा हिस्सा आपला. तिसऱ्यात मधुमेहासाठी तीन वर्षांची प्रतीक्षा. कायद्याने याहून जास्त थांबवता येत नाही, हा त्यातला दिलासा. एका नातेवाइकाने सुचवलं, साखरेचं लिहूच नका. आई आतून ओरडली, "खोटं लिहायचं नाही! आणि उद्या क्लेम नाकारला, तर तो येणारे का पैसे भरायला?"

मग मटार सोलत बाहेरच आली. "वेगळी खोली कशाला? तिघीचौघींत राहीन मी. एकटीने छताकडे बघत पडायचं म्हणजे शिक्षाच."

हिचं पेन थांबलं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या घरची तीन लग्नं आईला तोंडपाठ झाली होती. त्यांच्याकडून अजून दिवाळीला चकली येते. हे कुठल्याच रकान्यात बसेना.

शेवटी खोलीभाड्याला मर्यादा नसलेलीच पॉलिसी घेतली. ऐन वेळी सामायिक खोलीत खाट रिकामी नसली तर? हप्ता जरा जडच झाला. नाही पटली तर ३० दिवसांत परत करता येते, हे मी आईला सांगून ठेवलंय. ती चष्मा लावून रोज दोन पानं वाचते. परवा विचारत होती, "यात शेजारणीचं कुठे लिहिलंय रे?"