सिलिंडर कधी संपेल? कुटुंबप्रमुखांसाठी शास्त्रशुद्ध मार्गदर्शन

घरातला गॅस कधी संपणार हे ओळखण्याच्या तीन पद्धती आपल्याकडे रूढ आहेत आणि तिन्हींचा निकाल बहुधा गॅस संपल्यावरच लागतो. पहिली, सिलिंडर हलवून पाहणे. यात कंबर किती शिल्लक आहे एवढंच कळतं. दुसरी, ज्योत निरखणे. पण सिलिंडरमधला गॅस द्रवरूपात असतो आणि त्यातला थोडासा जरी उरला तरी शेगडीपर्यंत पोचणारा दाब फारसा उतरत नाही, त्यामुळे ज्योत शेवटच्या पोळीपर्यंत धीर देत राहते. तिसरी पद्धत ओल्या फडक्याची. फडकं फिरवल्यावर द्रव असलेला भाग उशिरा वाळतो, म्हणून हिला शास्त्राचा थोडाफार आधार आहे. मात्र ‘अर्ध्याच्या जरा खाली’ या वाचनातून तारीख काढणं ज्योतिषाचं काम आहे. सिलिंडर आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे या पद्धतींचा विचार येथे केलेला नाही, कारण आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो, गरम पाण्याने आतला दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो आणि मग अंदाज बांधायला कुणी उरेलच असं नाही.

खरं उत्तर सिलिंडरच्या गळ्याशीच लिहिलेलं असतं. रिकाम्या टाकीचं वजन तिथे किलोत दिलेलं असतं. समजा ते 15.3 आहे. त्यात 14.2 किलो गॅस मिळवला की भरलेला सिलिंडर 29.5 किलो भरला पाहिजे. पुढे कधीही रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडर वजनकाट्यावर उभा ठेवावा आणि 15.3 वजा करावेत. सिलिंडरच्या बुडाची कडी काट्याचा आकडा झाकते, म्हणून मध्ये अरुंद पाट घालावा आणि पाटाचंही वजन वजा करावं. ‘हल्ली गॅस कमीच भरून येतो’ या राष्ट्रीय संशयाचं निरसनही याच काट्यावर, सिलिंडर दारात असतानाच होतं. तरीही बहुतेक घरांत हा प्रयोग होत नाही. संशय फिटला तर बोलायचं काय, हा प्रश्न उरतो.

आता मुख्य मुद्दा. ‘एवढ्यात संपला?’ हा प्रश्न नेहमी स्वयंपाकघराच्या दिशेने विचारला जातो, आणि हिशेब चुकतो तो इथेच. एक किलो गॅस जळला की सुमारे 11,000 किलोकॅलरी उष्णता मिळते. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के हवी. आपल्या शेगडीचे बर्नर शेवटचे कधी घासले ते आठवून आपण 65 धरू. चार कप चहाला, उकळी दोनदा आणली तरी, दहा ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. उलट डिसेंबरातलं 15 अंशांचं वीस लिटर पाणी आंघोळीपुरतं 40 अंशांवर न्यायला 500 किलोकॅलरी लागतात, म्हणजे शेगडीवर साधारण 70 ग्रॅम गॅस. एक आंघोळ बरोबर अठ्ठावीस कप चहा. पाणी शेगडीवरच तापत असेल तर चार माणसांचा हा रोजचा 280 ग्रॅमचा खर्च एकटाच पन्नास दिवसांत सिलिंडर संपवतो, त्यात भाताचं एक शीतही शिजत नाही. सिलिंडर सोयीसाठी 900 रुपयांचा धरला, तर पाहुण्याचा चहा गॅसच्या हिशेबात सोळा पैशांना पडतो आणि त्याची आंघोळ साडेचार रुपयांना. चहाला आलेल्या पाहुण्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहण्यात अर्थ नाही. मुक्कामाला आलेल्याची गोष्ट वेगळी.

यावर आक्षेप येतो की आंघोळी तर आपण बाराही महिने करतो, मग हिवाळ्यातच सिलिंडर लवकर का संपतो? कारण मे महिन्यात नळालाच 30 अंशांचं पाणी येतं आणि दहा अंशांचंच काम उरतं: 70 ग्रॅमऐवजी 28. चौघांमागे महिन्याला पाच किलोंचा फरक पडतो, सिलिंडरच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दुसरा आक्षेप दोन सिलिंडर बाळगणाऱ्यांचा. त्यांना तारखेची फिकीर नाही हे मान्य, पण खर्चाचं कोडं त्यांच्याकडेही तेवढंच राहतं, फक्त ओट्याखाली जोडीने उभं असतं. पाइपवाल्यांना तर मीटरच मिळालेला आहे. त्यांनी तो वाचावा. विजेचा गिझर लावून सुटका होईल असं मानणाऱ्यांनी त्याच 500 किलोकॅलरींना 0.58 युनिट लागतं हे ध्यानात घेऊन, गिझरची थोडी गळती त्यात धरून, आपल्या बिलातल्या दराने गुणावं आणि मगच इलेक्ट्रिशियनला फोन करावा.

कॅलेंडरच्या चौकटीत ‘गॅस लावला’ असं लिहिण्याची घरोघरीची पद्धत उत्तमच आहे. तिथेच दर रविवारी वजन लिहावं आणि दुसरी बादली कुणी घेतली त्याचं आद्याक्षरही. हे आद्याक्षर बहुधा ‘एवढ्यात संपला?’ विचारणाऱ्याचंच निघतं, म्हणून नोंद त्याच्या हाती देऊ नये. बासुंदीलाही सूट नाही: दोन लिटर दूध एक लिटरवर आणायचं तर लिटरभर पाण्याची वाफ करावी लागते, आणि त्यालाच 75 ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. म्हणजे बासुंदीच्या दिवशी कुटुंबप्रमुखांनी गार पाण्याने आंघोळ केली की हिशेब जमला. पाडव्याला हे सहज साधतं. नरक चतुर्दशीच्या पहाटे मात्र काटा माळ्यावर टाकून द्यावा आणि मुकाट्याने उटणं लावून घ्यावं.