बारा पूर्णांक सहा दशांश

बाल्टिमोर,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांचे सेवेशी कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

धरमपेठेहून आपले पत्र पावले. नातू अकरावीत गेला, आता त्याच्या कॉलेजची काय तजवीज केली, ही आपली पृच्छा रास्त आहे. परंतु चपळ हातांच्या मुलापुढे जिथे कॉलेजेच अर्जदार होऊन उभी राहतात, तिथे बापाच्या वाट्यास मोटार हाकणे आणि बिले चुकती करणे एवढीच तजवीज उरते, हे नम्रपणे निवेदन करतो.

लांब काठीच्या टोकास जाळी, जाळीत रबरी चेंडू, आणि तो पाडण्यासाठी प्रतिपक्षास काठी हाणण्याची कायदेशीर मुभा, असा हा आपल्या नातवाचा खेळ, लॅक्रॉस, येथील मूळ रहिवाशांपासून चालत आला आहे. ज्या जॉन्स हॉपकिन्सचे नाव आपण वैद्यकविद्येकरिता आदराने घेता, ते विद्यापीठ इतर खेळांत तिसऱ्या श्रेणीवर समाधान मानते, लॅक्रॉसमध्ये मात्र पहिल्या श्रेणीत उतरते.

उत्तम खेळाडूंसाठी कॉलेजांत पूर्वी अशी अहमहमिका चाले, की मिसरूडही न फुटलेल्या आठवी-नववीच्या पोरांकडून तोंडी वचने घेतली जात. अखेर २०१७ साली फर्मान निघाले, की अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकाने उमेदवाराशी बोलणी करू नयेत. परिणामी उन्हाळी स्पर्धांत ही प्रशिक्षक मंडळी मैदानाकडेला घडीच्या खुर्च्या टाकून, पोरांच्या पाठीवरचे आकडे टिपीत मौनव्रत पाळतात, आणि ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री बाराचा ठोका पडताच सर्वांना एकदम वाचा फुटते. यंदा त्या वेळी आमचा फोन खणखणला, तेव्हा नागपूरची काही अशुभ वार्ता असावी या धास्तीने आपल्या सूनबाईंनी देवापुढे हात जोडले. पलीकडून मात्र एक धीरगंभीर स्वर चिरंजीवांच्या डाव्या हाताची स्तुती करीत होता.

विदर्भाने वसीम जाफरला आणले आणि २०१७-१८ चा रणजी करंडक इंदूरला जिंकला, तेव्हा आपण आळीभर पेढे वाटलेत. पण जाफर सिद्ध होऊन आला होता. येथे सोळा वर्षांच्या पोराच्या भविष्यावर पैज लावायची असते.

खेळाडूस पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, हा आपला गैरसमज मात्र दूर करणे प्राप्त आहे. पहिल्या श्रेणीतील पुरुषांच्या संघास परवापरवापर्यंत एकूण १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्या चाळीसेक मुलांत वाटल्या जात. आपण दिवाणी कोर्टात शिरस्तेदारी करताना वाटपाचे इतके दावे पाहिलेत, की एकेकाच्या हिश्शास काय येत असेल हे मी सांगावयास नको. हार्वर्ड-येलचा आयव्ही समूह तर खेळाखातर कपर्दिकही देत नाही.

स्तुतिपाठ आटोपल्यावर त्या प्रशिक्षकाने पहिला प्रश्न केला तो गणितातील गुणांचा. चिरंजीवांनी निमूटपणे फोन माझ्या हाती दिला. तरी दर रविवारी व्हिडिओवर आपण त्याचे बीजगणित घ्यावे. छडीची भीती मात्र घालू नये. काठी चालविण्याबद्दलच त्याला येथे मागणी आहे.

ती. सौ. आईस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
बाळ