पेटलेली ट्यूब

जळगावात ‘ट्यूब आहे का?’ असं विचारत फिरणं सोपं नाही. सायकलच्या दुकानात विचारलं तर ‘किती इंची?’ म्हणतात, इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारलं तर ‘किती फुटी?’ मला हवी होती ती बोटाएवढी, काचेची, आतून मंद नारिंगी उजळणारी. एका तरुण दुकानदाराने माझं सगळं वर्णन शांतपणे ऐकलं आणि देवघरासाठी झिरोचा बल्ब काढून दिला.

मला हवे होते व्हॉल्व्ह. आमच्याकडे त्यांना सरसकट ‘वाल’ म्हणायचे. कडव्या वालांशी त्यांचा संबंध नाही. असलाच तर सायकलच्या वालाशी आहे. तिथे हवा आत जाते, परत येत नाही. इथे वीज एकाच दिशेने जाते. इंग्लंडच्या फ्लेमिंगसाहेबांनी १९०४ साली असली पहिली काचेची कुपी बनवली आणि या गुणावरूनच तिचं नाव पडलं. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि घराघरातले व्हॉल्व्हचे रेडिओ हळूहळू माळ्यावर गेले. माझा अॅम्प्लिफायर तेवढा गेला नाही, कारण मी त्याला जाऊ दिलं नाही.

त्या काळी आमच्या वयाच्या पोरांना हवाईयन गिटारचं वेड होतं. व्हॅन शिपले आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्या ऐकायच्या आणि मांडीवर आडव्या धरलेल्या गिटारवर लोखंडी पट्टी सरकवत सिनेमाची गाणी काढायची. मास्तरकीच्या पहिल्या पगारांतून मी धुळ्याच्या एका रेडिओ मिस्त्रींकडून अॅम्प्लिफायर बनवून घेतला. पुढे दोन ईएल ८४, मागे दोन ईसीसी ८३, सगळे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. ताकद जेमतेम पंधरा वॅट. पण आमच्या गल्लीला तेवढीही जास्तच होत असे.

गेल्या काही वर्षांपासून त्याचा आवाज मला दबल्यासारखा वाटू लागला. तारेवर पट्टी फिरवताना जी लकाकी येते ती येईना. कोणी तरी गिटारवर गोधडी टाकली असावी, तसा स्वर. शिवाय मी वाजवायला बसलो की माझी नात खोलीतून उठून जायची. गाणी जुनी आहेत म्हणून जात असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. व्हॉल्व्ह तर चारही झकास पेटलेले दिसत. पण मला आपलं वाटायचं, झिजलेच असणार. इतकी वर्षं कोण टिकतं!

शेवटी एके दिवशी अॅम्प्लिफायर चादरीत गुंडाळून धुळ्याच्या एसटीत बसलो. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर तो माझ्या मांडीवर होता. कंडक्टरने वाकून पाहिलं आणि विचारलं, “बाबा, कोंबड्या तर नाहीत ना?”

मिस्त्रींना आता सगळे आबा म्हणतात. दुकान मुलाने मोबाईल दुरुस्तीचं केलंय. मागच्या खोलीत आबा आणि त्यांची खोकी. मी म्हणालो, “पेटतात व्यवस्थित, पण आवाजात दम नाही.”

आबा हसले. “पेटस म्हनजे चालस असं नही, सर.”

मग त्यांनी उलगडून सांगितलं. आपल्याला दिसतो तो उजेड फक्त आतल्या चुलीचा. तिच्यावर एक बारीक नळी असते, नळीवर पांढरट लेप, आणि तापल्यावर त्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. काम ते करतात. लेप झिजला की इलेक्ट्रॉन आटतात, पण चूल पेटलेलीच राहते. शाळेत असे काही सहकारी मी पाहिले होते, त्यामुळे मुद्दा लगेच पटला. माझी ट्यूब एरवी उशिरा पेटते.

“मग बदलायचा कधी?” मी विचारलं. “दोन हजार तास झाले की ईएल ८४ बदलावेत, असा काही ठोकताळा आहे म्हणतात.”

“तुम्ही रिटायर कधी झाले?”

“अठ्ठावन्नाव्या वर्षी.”

“झिजले होते?”

मी गप्प बसलो. तारीख बघून काढलेल्या माणसाने तास मोजून दुसऱ्याला काढायला निघावं, हे जरा अतिच होतं.

आबांनी डबा उघडला. यंत्र चालू असताना त्यांचा डावा हात कायम खिशात. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात. दोन्ही हात आत घातले आणि चुकून झटका बसला, तर तो छातीतून आरपार जातो. दुसरा हात खिशात ठेवला म्हणूनच, म्हणाले, सत्तरी पाहिली.

आधी त्यांनी काचेच्या डोक्यावरचा चंदेरी ठिपका पाहिला. तो दुधासारखा पांढरा झाला की आत हवा शिरली, खेळ संपला. आमचे चारही ठिपके आरशासारखे होते. मग दिवा घालवून अंधारात पाहिलं. ईएल ८४ च्या आतला करडा पत्रा कपाशीच्या काड्यांच्या निखाऱ्यासारखा लाल दिसला, तर क्षणभरही न थांबता बंद करायचं. तसंही नव्हतं. मीटर लावून दोघांतून किती वीज जाते ते पाहिलं. जवळपास सारखी, हवी तेवढी. “जोडी ठीक आहे,” म्हणाले. या दोघांत एक ढकलतो, एक ओढतो. एक म्हातारा आणि एक तरणा बैल जुंपला तर नांगराची रेघ वाकडी जाते. म्हणून बदलायचे झाले तर दोन्ही बदलायचे.

मग पेन्सिल घेऊन ते मागच्या छोट्यांना हलकेच टिचक्या मारू लागले. एकाला मारली, काही नाही. दुसऱ्याला मारली, तर स्पीकरमधून ‘टण्ण’! बाजारात माठ घेताना असा आवाज आला की आपण खूश होतो, व्हॉल्व्हचं उलटं. आतले भाग सैल झालेले. ज्याच्यावर मी कधी संशय घेतला नव्हता, तोच बिघडलेला निघाला. आबांनी खोक्यातून दुसरा काढून बसवला, पायांवरचा गंज पुसला, होती ती थोडी खरखर गेली.

“पण लकाकी?” मी म्हणालो.

“पाठ करा,” आबा म्हणाले. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. त्यांनी फडक्याने धरून ईएल ८४ ची कोरी जोडी घातली, वाजवलं. मग जुनी घातली, वाजवलं. असं चार वेळा. मी चारही वेळा छातीठोक उत्तर दिलं. तीन वेळा चुकलो.

आबांनी मला समोरच्या पत्र्याजवळ बोलावलं. ट्रेबलच्या, म्हणजे तारस्वर वाढवण्याच्या बटणाशी पेन्सिलची पुसट खूण होती. यंत्र माझ्या ताब्यात दिलं त्या दिवशी आम्ही दोघांनी ऐकून ठरवलेली जागा, चार आकड्यावर. बटण आता होतं नऊवर. इतक्या वर्षांत मी ते कधी, किती सरकवलं, मलाच आठवेना.

कानाच्या शंखात केसांसारख्या तंतूंच्या पेशी असतात. वयाबरोबर त्यांतल्या तारस्वरांच्या आधी झिजतात, आणि एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. त्यांची बदली जोडी आबांच्या कुठल्याच खोक्यात नव्हती. त्यांनी एका व्हॉल्व्हचे पैसे घेतले आणि चहा पाजला.

त्या रात्री जळगावला घरी गिटार मांडीवर घेतली. नात केळ्याचे वेफर्स खात समोर बसली होती. सवयीने मी सूर लावला आणि ती उठली.

“कुठे चाललीस?”

“आजोबा, कानात टोचतं ते.”

मी बटण मागे फिरवलं. सात, सहा, पाच, पेन्सिलच्या खुणेपर्यंत. मला तर गोधडीवर आणखी एक रग पडल्यासारखं वाटलं. ती मात्र पुन्हा बसली, आणि वेफर्सची पिशवी आवाज होऊ नये म्हणून तिने हळूच बाजूला ठेवली.