वरातीमागून नेनकिन

जपानात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला नेनकिनचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचे, हप्ते थकवायला शिकवावे लागत नाही. ती विद्या उपजतच असते. थकलेले भरावेत कसे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन.

मात्र भरण्यासाठी आधी खिंडार हवे. ते पाडण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे नवी नोकरी १ एप्रिलला सुरू होत असताना जुनी ३१ ऐवजी ३० मार्चला सोडणे. नोकरी सुटली की दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पेन्शनमधून नाव निघते, आणि ज्या महिन्यात नाव निघाले तो महिना धरत नाहीत. ३१ ला सोडलीत तर नाव १ एप्रिलला निघते आणि मार्च पदरात पडतो. ३० ला सोडलीत तर अख्खा मार्च गेला. पेन्शनचा निम्मा वाटा कंपनी भरत असते, तोही वाचतो. तेव्हा ३० तारीख कंपनीनेच गोड हसून सुचवली तर नवल वाटून घेऊ नये. बायको तुमच्यावर अवलंबून म्हणून नोंदलेली असेल तर तिचाही मार्च बुडतो. एका दिवसाच्या घाईत दोन खिंडारे!

यानंतर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन राष्ट्रीय पेन्शनमध्ये नाव घालायचे असते. अर्थातच जाऊ नये. मग पाकिटे येऊ लागतात. मजकूर कांजी लिपीत असल्याने ती फ्रिजवर रचून ठेवावीत. ‘आपण कुठे इथे म्हातारे होणार?’ हे वाक्य अशा वेळी उपयोगी पडते, फक्त पेन्शन कार्यालयात चालत नाही. २० ते ५९ वयाच्या प्रत्येक रहिवाशाला हा हप्ता लागू आहे, आणि १९८२ पासून त्यात पासपोर्टचा रंग पाहत नाहीत.

२०२५-२६ सालचा हप्ता महिना १७,५१० येन. तो थकून दोन वर्षे उलटली की नोटा घेऊन दारात उभे राहिलात तरी सरकार घेत नाही. मात्र उत्पन्न नसताना ज्याने रीतसर अर्ज करून माफी मिळवली, त्याला मागचे हप्ते भरायला दहा वर्षे मिळतात. म्हणजे गुपचूप बुडवणाऱ्याला दोन आणि फॉर्म भरून बुडवणाऱ्याला दहा. यापेक्षा जास्त जपानी न्याय आम्हाला ठाऊक नाही.

भरून मिळते काय? पूर्ण पेन्शनला ४८० हप्ते लागतात आणि २०२५-२६ च्या दराने तिचे महिना ६९,३०८ येन मिळतात. एका हप्त्याने वर्षाला सुमारे १,७३० येन वाढतात, म्हणजे पासष्टीनंतर दहाएक वर्षे जगलात की वसूल. पात्रतेला किमान दहा वर्षे लागतात. २०१७ पर्यंत ही अट पंचवीस वर्षांची होती. १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू असलेल्या भारत-जपान करारामुळे पात्रतेसाठी भारतातली पीएफची वर्षेही जोडता येतात. देश सोडताना एकरकमी परतावा उचललात तर मात्र त्या काळातली वर्षे पुसली जातात. पुण्यातल्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी तो उचलणारे बरेच असतात.

म्हातारपणाच्या काळजीने फ्रिजवरची पाकिटे काढणारा माणूस विरळाच. ती निघतात कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना. सगळी थकबाकी एका दमात भरून, पावत्या फाइलला लावून, आपण इमिग्रेशनच्या खिडकीशी उभे राहतो. तिथे मागच्या दोन वर्षांचा पेन्शनचा तपशील बघतात आणि रक्कम भरली का एवढेच नव्हे, मुदतीत भरली का हेही तपासतात. उशिरा भरलेला हप्ता पेन्शनच्या खात्यात जमा होतो, पण इमिग्रेशनच्या लेखी सहसा वजाच धरला जातो.

तेव्हा पाकीट आजच उघडा. दोन वर्षांच्या आतले असेल तर कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, रात्री दोन वाजतासुद्धा पैसे भरून घेतात.